गरिबी हटवायचं टेंडर

जगाची गरिबी हटवायचं टेंडर निघून ऐंशी वर्षं झाली, दोस्तांनो. कंत्राटदार बदलत गेले, कंत्राट काही संपलं नाही. आधी जागतिक बँक आली, नाणेनिधी आला. मग एनजीओ आल्या. मग अब्जाधीशांची फाउंडेशनं आली. मग बायकांना गटागटानं बसवून कर्ज वाटणाऱ्या कंपन्या आल्या. मग सल्लागार, मग सल्लागारांचे सल्लागार. प्रत्येकाच्या हातात एक फाईल. फाईलच्या कव्हरवर एक सावळं, हसरं पोर. त्या पोराला कुणी विचारलं नाही, बाबा रे, तुझा फोटो लावू का?

आपण कामगार माणसं. कंत्राट म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मुंबईच्या गोदीत जुन्या काळी टोळीवाला असायचा. बोटीच्या पोटातला माल टोळी उपसायची, पैसा टोळीवाल्याच्या हातात पडायचा, तो आपला वाटा कापून उरलेला टोळीला द्यायचा. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचा कायदा झाला, पुढं डॉक लेबर बोर्ड आलं, तेव्हा कुठं त्याच्या हातातली वही सुटली. आज ती वही पुन्हा कंत्राटदाराकडं गेलीय आणि माझ्यासारखी पोरं पुन्हा दिवसाच्या हजेरीवर आलीत, ते दुखणं वेगळं. पण गोदीनं मला दोन प्रश्न शिकवले. माल कोण उचलतो? वही कुणाच्या हातात आहे? हे दोन विचारले की कुठल्याही धंद्याचं पोट उघडं पडतं.

जगाच्या गरिबीच्या धंद्याला आपण हेच दोन प्रश्न विचारू. कुणी म्हणेल, हे आंतरराष्ट्रीय अर्थकारण, तू मॅट्रिक, हमाल, तुझं काय काम तिथं? त्याला सांगायचं, नाणेनिधी जन्मायच्या एकवीस वर्षं आधी, १९२३ साली, बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये ग्रंथ छापला. भाव चढतात तेव्हा मजुरी त्यांच्या मागं लंगडत येते आणि पैशाची किंमत घसरली की आधी मजुराचं ताट रिकामं होतं, हे त्यांनी तेव्हा मांडलं. पैसा हा आमचा विषय नाही असं आम्हाला पढवलं, ते ज्यांच्याकडं पैसा आहे त्यांनी.

तर वही. १९४४ च्या जुलैत अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्स गावात ४४ देशांची माणसं एका हॉटेलात बसली आणि जागतिक बँक व नाणेनिधी यांचा मसुदा ठरला. हिंदुस्थान तेव्हा इंग्रजांचा गुलाम होता, आफ्रिका जवळजवळ सगळी गुलाम होती. ज्यांची गरिबी हटवायची ते घरात नसताना घराचा नकाशा ठरला. नियम असा की मत माणसाला नाही, पैशाला. नाणेनिधीत एकट्या अमेरिकेकडं साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतं आहेत. मोठ्या निर्णयाला ८५ टक्के लागतात. हिशेब करा. बाकी सगळं जग एका बाजूला उभं राहिलं तरी अमेरिकेनं मान हलवली की विषय संपला. जगातला दर सहावा माणूस भारतातला, आणि भारताची मतं तीन टक्केसुद्धा नाहीत. बँकेचा अध्यक्ष कायम अमेरिकेचा नागरिक, नाणेनिधीचा प्रमुख कायम युरोपचा. कुठल्या घटनेत लिहिलेलं नाही. वहिवाट आहे. वहिवाट म्हणजे काय, हे पाणवठ्यावरून हाकललेल्या माणसाला विचारा.

२०२३ च्या जूनपासून बँकेच्या खुर्चीवर अजय बंगा आहेत. जन्म पुण्याच्या खडकीचा. पेपरांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आपला माणूस! दोस्तांनो, आपला माणूस ही गोष्ट आपल्याला नवी नाही. राखीव जागेवरून निवडून गेलेले आपलेच किती माणूस आपण पाहिले? खुर्चीवर कोण बसला, यानं खुर्चीचे पाय बदलत नाहीत. मतं कुणाची, हे बदललं तर बदलतं.

एकच जागा अशी आहे जिथं कामगाराला, सरकार नसलेल्या माणसाला, हक्काचं मत आहे. ती म्हणजे १९१९ साली निघालेली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना. तिच्या परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. पहिल्या परिषदेला वॉशिंग्टनला हिंदी कामगारांचे म्हणून ना. म. जोशी गेले. त्यांना सरकारनंच नेमलं होतं, कारण नेमायला कामगारांची देशव्यापी संघटनाच नव्हती. म्हणून पुढच्याच वर्षी, १९२० साली, मुंबईत आयटक उभी राहिली. बघा, एक खुर्ची मिळाली तर तिच्यावर बसायला संघटना करावी लागते. १९४२ साली बाबासाहेब मजूरमंत्री झाले तेव्हा त्यांनीही सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसवले. भीक मागायला बोलावणं वेगळं आणि टेबलाशी बसवणं वेगळं. माझं सगळं म्हणणं या एका फरकाभोवती आहे.

आता माप. गरीब कुणाला म्हणायचं हे कोण ठरवतं? बँक ठरवते. १९९० साली तिनं रेषा मारली, दिवसाला एक डॉलर. २००८ साली सव्वा डॉलर. २०१५ साली एक डॉलर नव्वद सेंट. २०२२ साली दोन डॉलर पंधरा. २०२५ च्या जूनमध्ये तीन डॉलर. आणि हा बाजारातला डॉलरही नव्हे. क्रयशक्तीचा डॉलर. आपल्याकडं त्याचे रुपये बाजारातल्या डॉलरच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढेच होतात. शेवटची रेषा सरकली तेव्हा जगात साडेबारा कोटींच्या आसपास माणसं एका दिवसात कागदावर आणखी गरीब ठरली. त्यांच्या चुलीवर त्या दिवशी काही वेगळं शिजलं नाही. फक्त पट्टी हलली. आजच्या पट्टीनं जगात ऐंशी कोटींवर माणसं अति गरीब आहेत. तीन डॉलर आणि वर पाच सेंट मिळवणारा बाहेर. तो सुटला. त्याला सांगा, अभिनंदन.

गोदीत टॅली क्लार्क पेट्या मोजतो. पेटीत काय आहे, ती कुणी फोडली, कुणी पळवली, हे मोजणं त्याचं काम नव्हे. बँकेची टॅली अशीच आहे. गरीब किती, हे ती सांगते. गरीब कुणी केले, हा रकानाच नाही.

माझ्या वस्तीत एकदा एक संस्था सर्व्हेला आली. पोरगी चांगली होती, उन्हात फिरत होती, तिच्यावर राग नाही. पाणी कुठून आणता, चूल कसली, मोबाईल किती, मुलं शाळेत जातात का, सगळं विचारलं. माझ्या आईनं विचारलं, बाई, जात लिहून घेत नाहीस का? ती लाजली. म्हणाली, मावशी, आम्ही जात मानत नाही. आई म्हणाली, तू मानत नसशील गं, पण गटारात उतरायला माणूस शोधतात तेव्हा आमच्याच गल्लीत येतात.

हे वाक्य सोडू नका, कारण पुढची सगळी गोष्ट त्यात आहे.

२०१४ च्या गांधी जयंतीला स्वच्छ भारत सुरू झालं. २०१५ च्या डिसेंबरात जागतिक बँकेनं त्याला दीड अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. २०१९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये गेट्स फाउंडेशननं पंतप्रधानांना त्याबद्दल पुरस्कार दिला. सरकार, बँक आणि अब्जाधीशाचं फाउंडेशन एका फोटोत. त्याच आठवड्यात मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात, भावखेडी गावात, वाल्मीकी समाजाची दोन लेकरं सकाळी उघड्यावर शौचाला बसली होती. गावातल्या लोकांनी त्यांना लाठ्यांनी ठार मारलं. ते गाव कागदावर हागणदारीमुक्त होतं. त्या लेकरांच्या घरी संडास नव्हता.

मी हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवतो आणि बघत राहतो. एका फोटोत टाळ्या आहेत. दुसरा फोटो नाही, कारण आपल्या मढ्यांचे फोटो न्यूयॉर्कला जात नाहीत.

संडास बांधू नयेत असं मी म्हणत नाही. माझी आई, माझी बहीण अंधार पडायची वाट बघत जगलेल्या बाया आहेत. संडासाची किंमत मला भाषणवाल्यांपेक्षा जास्त कळते. माझा प्रश्न पुढचा आहे. कोट्यवधी संडासांच्या टाक्या भरल्यावर त्या उपसणार कोण? सरकारनं संसदेत दिलेला आकडा आहे: २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसं मेली. हे सरकारनं मोजलेले. न मोजलेले त्या टाकीतच राहिले. सरकारनंच २०२४ पर्यंत असं काम करणाऱ्या ३८ हजार माणसांची नोंद केली, तर दर तिघांत दोघांहून जास्त अनुसूचित जातीचे निघाले. ही गरिबी आहे की वर्णव्यवस्था? बँकेला विचारा. ती म्हणेल, सॅनिटेशन.

डोक्यावरून मैला वाहून नेण्याविरुद्धचा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. २०१४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं. २०२३ साली ते तीस लाख केले. हे निकाल कुठल्या फाउंडेशनच्या कृपेनं आले नाहीत. १९९३ पासून मेलेल्यांची यादी करत, विधवांना घेऊन, दारोदार फिरलेल्या सफाई कर्मचारी आंदोलनानं पहिला निकाल खेचून आणला. मेलेला माणूस मोजण्यासाठीसुद्धा मेलेल्याच्या जातवाल्यांनाच वही हातात घ्यावी लागली.

आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर काय? २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत गरिबी संपवायचा जाहीरनामा काढला. सतरा उद्दिष्टं, त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं. वंश आहे, लिंग आहे, धर्म आहे, अपंगत्व आहे. जात हा शब्द नाही. विसरले म्हणून नाही. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत दरबानला वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तिथं देशभरातले दलित कार्यकर्ते गेले, घसा फुटेपर्यंत ओरडले. भारत सरकार म्हणालं, हा आमचा घरगुती मामला. जात हा शब्द अंतिम मसुद्यात आला नाही. पुढं आंतरराष्ट्रीय दलित एकजूट नेटवर्क या संस्थेनं संयुक्त राष्ट्रांत सल्लागार संस्थेचा दर्जा मागितला, २००८ साली. भारताचा प्रतिनिधी प्रश्नावर प्रश्न विचारत राहिला. शंभराच्या वर प्रश्न. दर्जा मिळाला २०२२ च्या डिसेंबरात. चौदा वर्षं दाराबाहेर उभं ठेवलं. जागतिक महार-मांगवाडा, आणि काय!

मोठ्या कंपन्यांना, फाउंडेशनांना त्याच इमारतीत चौदा वर्षं कुणी उभं ठेवत नाही. त्यांच्यासाठी भागीदारी हा शब्द आहे. आमच्यासाठी घरगुती मामला.

बाबासाहेबांना हे सगळं आधीच दिसलं होतं. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केलाय, त्याच्या प्रती पाठवा, आम्हीही तसं करायच्या विचारात आहोत, अशा अर्थाचं. म्हणजे जागतिक चावडीवर जायची कल्पना एनजीओंनी आपल्याला शिकवली नाही. ती आपलीच. फरक एवढाच की बाबासाहेब तिथं फंड मागायला जाणार नव्हते, फिर्याद घेऊन जाणार होते.

आता दानशूरांकडं वळू. आपल्यातल्या काहींना वाटतं, अब्जाधीश म्हटला की शिवी द्यावी आणि मोकळं व्हावं. मी तसं करणार नाही. लसीनं पोरं जगली, हे खरं आहे. पोलिओ भारतातून गेला, २०१४ साली तसा दाखला मिळाला, त्यात बाहेरचा पैसा होता आणि घरोघर फिरणाऱ्या इथल्या बायांचे पाय होते. जगलेल्या पोराच्या तोंडावर मी सिद्धान्त फेकून मारणार नाही.

पण वही बघा. २०२० च्या आसपास जागतिक आरोग्य संघटनेच्या खर्चात देशांची ठरलेली वर्गणी पाचव्या हिश्श्यालाही पुरत नव्हती. उरलेला पैसा देणाऱ्यांच्या मर्जीचा, आणि बराचसा देणाऱ्यानं नेमून दिलेल्या कामाचा. देणाऱ्यांच्या यादीत गेट्स फाउंडेशन अगदी वर. तेव्हा कुठल्या रोगाशी लढायचं, हे रोग्यांच्या संख्येपेक्षा देणाऱ्याच्या आवडीवर ठरायला लागलं. २०२५ च्या मे महिन्यात बिल गेट्सनी जाहीर केलं, वीस वर्षांत दोनशे अब्ज डॉलर खर्च करणार आणि २०४५ अखेर फाउंडेशन बंद. चांगलं आहे. पण हा निर्णय एका माणसाचा. उद्या त्याचं मन फिरलं तर त्याला पाडायला कुठलं मतदान आहे? आमदार निदान पाच वर्षांनी वस्तीत हात जोडून येतो.

आणि मन फिरलं की काय होतं ते त्याच वर्षी दिसलं. अमेरिकेची मदत संस्था, १९६१ पासूनची यूएसएड, २०२५ च्या मार्चपर्यंत तिचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाले आणि १ जुलैला ती बंद पडली. त्या कपातीत पुढं होता जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस. आफ्रिकेतल्या दवाखान्यांत एड्सच्या गोळ्यांसाठी रांगेत उभ्या बाईला कुणी विचारलं? तिच्या जगण्याचं बटण दुसऱ्याच्या भिंतीवर होतं, त्यानं ते बंद केलं. दान हे असं असतं. देतानाही त्याची मर्जी, काढून घेतानाही त्याचीच. हक्क असता तर कोर्टात जाता आलं असतं, रस्त्यावर येता आलं असतं. दानाविरुद्ध कुठलं कोर्ट?

दान नको तर धंदा करा, असं म्हणणारेही आले. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेला आणि मुहम्मद युनूस यांना २००६ साली शांततेचं नोबेल मिळालं. गरीब बाई कर्ज फेडते, हे त्यांनी जगाला दाखवलं. जगानं त्यातून धडा घेतला तो वेगळाच: गरीब बाईकडून व्याज वसूल होतं! २०१० साली आपल्या शेजारच्या आंध्रात एसकेएस या कर्जकंपनीनं शेअर बाजारात उतरून दीड हजार कोटींच्या वर रुपये उभे केले. त्याच साली आंध्रातल्या खेड्यांत हप्त्यांच्या तगाद्यानं माणसांनी जीव दिल्याच्या बातम्या येत होत्या, आणि ऑक्टोबरात राज्य सरकारला वटहुकूम काढून वसुलीला लगाम घालावा लागला. एका बाईचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्यांनी तो भरायचा, ही त्या धंद्याची किल्ली. म्हणजे सावकाराला पठाण पाळायची गरज उरली नाही. शेजारीणच पठाण झाली. ज्या गल्लीत एकमेकींना मूठभर पीठ उसनं द्यायची रीत होती, तिथं बाया एकमेकींच्या दारात धरणं धरून बसल्या. हे नुकसान कुठल्या ताळेबंदात येत नाही.

याच्याही पुढची जात गिधाडांची. हा माझा शब्द नाही, बाजारातच त्यांना गिधाड फंड म्हणतात. झांबिया हा आफ्रिकेतला तांब्याच्या खाणींचा देश. १९७९ साली त्यानं रुमानियाकडून शेतीची यंत्रं उधारीवर घेतली, दीड कोटी डॉलरची. तांब्याचे भाव पडले, उधारी थकली, व्याज चढत गेलं. १९९९ साली डोनेगल नावाच्या खाजगी कंपनीनं ते थकलेलं कर्ज रुमानियाकडून तेहतीस लाखांच्या आसपास डॉलरला विकत घेतलं आणि झांबियावर साडेपाच कोटी डॉलरचा दावा ठोकला. २००७ साली लंडनच्या कोर्टानं तिला दीड कोटीच्या वर मंजूर केले. गोदीत सोडवून न नेलेल्या मालाचा लिलाव होतो. इथं अख्ख्या देशाच्या लाचारीचा लिलाव झाला. ज्या झांबियाचं कर्ज दोनच वर्षं आधी सरकारांनी माफ केलं होतं, त्या माफीतून वाचलेला पैसा खाजगी खिशात गेला.

पण इथंच दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर मी खोटारडा ठरेन. हीच कर्जं माफ करा म्हणून १९९८ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमला श्रीमंत देशांच्या पुढाऱ्यांची बैठक चालू असताना सत्तर हजार माणसांनी हातात हात घालून साखळी केली. जुबिली २००० ही ती चळवळ. चर्चवाले, कामगार युनियनवाले, विद्यार्थी. जगभरातून दोन कोटींवर सह्या गोळा झाल्या. २००५ पर्यंत अनेक देशांची मोठी कर्जं सरकारांना, बँकेला, नाणेनिधीला सोडावी लागली. आणि झांबियाच्या खटल्यानंतर आरडाओरड झाली म्हणून २०१० साली ब्रिटनच्या संसदेनं गिधाडांना त्यांच्या कोर्टात लगाम घालणारा कायदा केला. पुरता लगाम नाही. २०२० च्या नोव्हेंबरात झांबिया पुन्हा बुडाला आणि खाजगी रोखेवाल्यांशी तडजोड व्हायला २०२४ उजाडलं. तोवर हाल कुणाचे झाले ते सांगायला नको.

तेव्हा सरकार नसलेले सगळे एकाच माळेत ओवू नका. गिधाड फंडही बिगरसरकारी आणि साखळी करणारी माणसंही बिगरसरकारी. विद्यापीठवाले दोघांना एकाच शब्दात बसवतात. आपण बसवायचं नाही. प्रश्न सरकारी की बिगरसरकारी हा नाहीच. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याला तो जबाबदार आहे का, हा प्रश्न आहे.

आणि ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता, त्यांनी जेव्हा जेव्हा वहीला हात घातला तेव्हा जग हललं. महाराष्ट्रातलं पहिलं बुडीत गाव मणिबेली. अक्कलकुवा तालुका, सातपुड्यातले आदिवासी. १९८५ साली बँकेनं सरदार सरोवराला ४५ कोटी डॉलर कर्ज दिलं. मणिबेलीसारख्या गावांनी, नर्मदा बचाव आंदोलनानं असं काही लावून धरलं की बँकेला १९९१ साली स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. १९९२ साली त्या चौकशीनं बँकेचेच वाभाडे काढले, आणि १९९३ च्या मार्चमध्ये कर्जाचा उरलेला पैसा थांबला. त्याच वर्षी बँकेला तक्रार ऐकणारं मंडळ काढावं लागलं. आज जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस बँकेविरुद्ध तिच्याच दारात अर्ज करू शकतो, त्यामागं सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांचे पाय आहेत. धरण झालंच, भारत सरकारनं आपल्या पैशानं पुरं केलं. मणिबेली बुडाली. हेही लिहा. विजयाची खोटी पत्रकं आपल्याला काढायची नाहीत.

घरकामवाल्या बाया बघा. जगात त्यांना कुणी कामगारच मानत नव्हतं. त्या संघटित झाल्या, जिनिव्हाला गेल्या, मालकांच्या आणि सरकारांच्या प्रतिनिधींसमोर बसल्या. २०११ च्या जूनमध्ये त्यांच्यासाठी १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानं तिथं बाजूनं हात वर केला, आणि घरी येऊन आजतागायत त्यावर सही केली नाही. आपल्या आया-बहिणी ज्यांची भांडी घासतात त्यांचंच सरकार आहे, सही कशी होणार?

आणि माझ्या गोत्राचे, गोदीवाले. १९८४ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांनी नेडलॉइड किंबर्ली या बोटीवरचा वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा माल अकरा दिवस उतरवला नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये दरबानच्या गोदी कामगारांनी झिंबाब्वेला चाललेली चिनी बोटीवरची हत्यारं उतरवायला नकार दिला. त्यांच्याकडं ना फाउंडेशन, ना फाईल. हात होते. ते त्यांनी खिशात घातले. गरिबाच्या हाताची किंमत तो हात थांबला की कळते.

आपण ज्यांचं नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरांनी १९६९ साली ओकलंडमध्ये शाळकरी पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. ताटात अन्न होतं, आणि अन्न का नाही याचं शिक्षणही. अमेरिकेच्या पोलिसखात्याला बंदुकांइतकीच त्या न्याहारीची धास्ती वाटली. आपल्या एनजीओंच्या खिचडीची कुणाला धास्ती वाटते का? वाटत नसेल तर का, हे खिचडी वाढणाऱ्या आपल्या दोस्तांनी स्वतःला विचारावं.

कारण आपल्यातलीच चांगली पोरं तिकडं गेलीत. भित्तिपत्रकं चिकटवणारी पोरं प्रोजेक्ट ऑफिसर झाली. त्यांच्यावर मी थुंकत नाही, घरात म्हातारी आई आहे, पगार लागतो. पण चळवळीच्या जागी प्रोजेक्ट आलं की तीन वर्षांनी अन्याय संपत नाही, फंड संपतो. आणि परदेशी पैशाची दोरी सरकारच्या हातात. २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा आणखी आवळला गेला. वरून देणारा दोरी ओढतो, खालून सरकार. मधे लटकणारा काय लढणार? आपल्या बापजाद्यांनी आण्या-दोन आण्यांच्या वर्गणीवर परिषदा भरवल्या. वर्गणी देणारा हिशेब मागतो. म्हणून वर्गणीवर चाललेली चळवळ लोकांना घाबरते, आणि तेच बरं.

आपल्या मागण्या साध्या आहेत. गरिबी मोजाल तर जात मोजा. संडास मोजाल तर टाकीत मेलेला माणूस मोजा. देशाच्या नावावर कर्ज घ्याल तर कुणाकडून, किती व्याजानं, कुठल्या अटीवर, हे गावच्या फळ्यावर लिहा. घरकामवालीच्या करारावर सही करा. गरिबांवर ठराव करणाऱ्या प्रत्येक टेबलाशी गरिबांच्या संघटनेला खुर्ची द्या, मतासकट. निरीक्षक म्हणून नको. निरीक्षण आम्ही तीन हजार वर्षं गावकुसाबाहेरून केलं.

ते देणार नाहीत. मागून मिळालेलं चवदार तळ्याचं पाणीही नव्हतं. म्हणून या महिन्यात प्रत्येकानं आपल्या वस्तीत तीन नोंदी करा: गटारात उतरणारे किती, हप्त्याखाली दबलेल्या बाया किती, कराराशिवाय घरकाम करणाऱ्या किती. नावानिशी, जातीनिशी, मालकानिशी. वही दोन रुपयांची असली तरी चालेल. तिच्यावर हात आपला पाहिजे.